सोनाक्काच्या दारातला सांगावा

धारवाडच्या सप्तापुरात खानावळी पुष्कळ, पण सोनाक्काकडे जेवायला बसायचं म्हणजे आधी तिचे कायदे पाळायचे. पाय न धुता पाटावर बसलेल्याला ती सरळ उठवी, मग तो विद्यापीठातला लेक्चरर का असेना. भाकरी हवी तर तोंडानं मागायची, नको असेल तर ताटावर हात आडवा धरून ‘साकु’, म्हणजे पुरे, म्हणायचं. सगळ्यात जास्त राग तिला लाजणाऱ्यांचा. अर्धपोटी उठू पाहणाऱ्या पोराच्या खांद्यावर हात ठेवून ती त्याला परत खाली दाबी आणि म्हणे, “लाजायचं ते लग्नात लाज. हितं जेव.” जोंधळ्याची भाकरी, मडकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी आणि शेवटी ताक-भात, एवढ्यावर तिनं थोड्या वर्षांत कित्येक पदवीधर पोसले.

बाई उंच, काटक, बोलणं तोडून टाकणारं. विधवा होती. मूळची अळणावरच्या आतल्या बाजूच्या गावची, मुलगी अनसूया हुबळीला केशवापुरात दिलेली, भाऊ सत्याप्पा गोकुळ रोडवर एका वर्कशॉपात लेथवर कामाला. एवढी माहिती जेवणाऱ्यांना पुरत असे. नवरा कशानं गेला, हे कुणी विचारलं नव्हतं आणि तिनं सांगितलं नव्हतं. तिच्या चेहऱ्याकडे बघून असले प्रश्न सुचतही नसत.

खानावळीत दोन बोलकी गिऱ्हाइकं होती. एक भीमराव, बेळगावच्या बौद्ध घरातला, कायद्याचा विद्यार्थी. काखेत वर्तमानपत्र असल्याशिवाय तो जेवायला येत नसे. दुसरा वसंत, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर. भीमरावनं हो म्हटलं की नाही म्हणायचं, हा त्याचा रोजचा व्यायाम. १९८० साली दिल्लीच्या मोठ्या कोर्टानं निकाल दिला की फाशीची शिक्षा घटनेत बसते, पण ती विरळातल्या विरळ गुन्ह्यालाच द्यावी. झालं. या दोघांना वादाला रान मोकळं मिळालं.

“विरळातला विरळ म्हणजे किती विरळ?” भीमराव विचारी. “एका जज्जाला जे विरळ वाटेल ते दुसऱ्याला रोजचं वाटेल. माणसाचा जीव काय जज्जाच्या वाटण्यावर टांगायचा?”

“दोघातिघांना कापून काढणाऱ्याला सरकारनं जन्मभर बसवून भात घालायचा काय?” वसंत म्हणे. “ज्यांची माणसं गेली त्यांना विचार की.”

“त्यांना विचारून शिक्षा देत नसतात. म्हणून तर कोर्टं काढली.”

सोनाक्का चुलीपुढे भाकरी थापत असे. तिची पाठ या दोघांकडे असे, पण कान तिकडेच. एकदा तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि मागे न बघता विचारलं, “आणि दिल्लीला गेलेला खटला किती दिवस चालतंय, भीमराव?”

अक्काला कायद्यात रस, याचं भीमरावला कौतुक वाटलं. मग त्यानं घास हातात धरून सविस्तर समजावलं. इथल्या सेशन्स कोर्टानं फाशी दिली तरी ती तशीच देता येत नाही, बेंगळूरच्या हायकोर्टानं ती कायम करावी लागते. मग दिल्लीचं कोर्ट. तिथंही कायम झाली तर राज्यपालांकडे दयेचा अर्ज, मग राष्ट्रपतींकडे. तिथं अर्ज किती वर्षं पडून राहील, याला काही कायदा नाही.

“म्हणजे संपतच न्हाई म्हण की,” सोनाक्का म्हणाली आणि दुसऱ्या भाकरीचं पीठ मळायला घेतलं. भीमरावच्या हातातला घास तोवर गार झाला होता.

तिचा खटला तेव्हा दिल्लीलाच होता.

तिचा नवरा अप्पाजी गावडे आणि त्याचा चुलत भाऊ नागोजी यांची घरं एका भिंतीची. दोन्ही घरांत एकेकच बैल. त्यामुळे नांगराला सावड होती, म्हणजे दोघांचे बैल एका जुवाला जुंपायचे आणि पाळीपाळीनं दोघांची शेतं करायची. ज्याची पाळी पहिली, त्याच्या रानात पावसानंतर वापसा येताच नांगर जायचा. १९७६ साली पाळी नागोजीची होती. पण अप्पाजीचे वडील गुंडू हट्टाला पेटले की आपलं रान चढावर, आधी वाळतं, तेव्हा आधी आपलं. अप्पाजीनं बापाचं ऐकलं आणि न विचारता नागोजीचा बैल सोडून नेला. नागोजी कुऱ्हाड घेऊन बांधावर आला. अप्पाजी पडला, आणि आडवा आलेला म्हाताराही पडला. सोनाक्का, तेव्हाची सोनाबाई, न्याहारी घेऊन निघाली होती. तिनं दोन्ही घाव पाहिले. नागोजी पळाला नाही. बैल सोडून घेतला, घरी आणून दावणीला बांधला आणि पोलिसांची वाट बघत बसला. तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता आणि त्याचं लग्न ठरत आलं होतं.

धारवाडच्या कोर्टात सोनाबाई उभी राहिली ती कुणाचा आधार न घेता. नागोजीच्या वकिलानं विचारलं, त्या वर्षी पाळी कुणाची होती? ती म्हणाली, त्याची होती. वकील खूष झाला, पण जज्जसाहेबांना ते कारण दोन जिवांना पुरलं नाही, आणि खरं सांगायचं तर कुणालाच पुरलं नसतं. गुन्हा शाबीत झाल्यावर साहेबांनी नागोजीला विचारलं, शिक्षेबद्दल काही सांगायचंय का? तशी नव्या कायद्याची रीतच आहे. नागोजीनं मान हलवली आणि कोर्टाच्या दारात बसलेल्या आपल्या आईकडे पाहिलं. मग फाशी सुनावली. पुढे गावच्या बायका सोनाबाईला विचारत, साहेबानं पेनाचं टोक मोडलं का गं? तिनं ते पाहिलंच नव्हतं. ती नागोजीच्या मानेकडे बघत होती.

तिला तो फासावर जायला हवा होता. यात आडपडदा नको. तिच्या मनात दयेचा टिपूसही नव्हता. तो मेला की आपलं हे संपेल, रात्री डोळा लागेल, चढावरच्या रानाकडे मान वर करून बघता येईल, अशी तिची पक्की समजूत होती. पण धारवाडला वाटलं संपलं, तर बेंगळूर निघालं. बेंगळूरला संपलं, तर दिल्ली. सासरचं घर खायला उठायचं, भिंतीपलीकडून नागोजीच्या आईचं खोकणं ऐकू यायचं. शेवटी सत्याप्पानं तिला धारवाडला आणलं, सप्तापुरात दोन खोल्या पाहून दिल्या, आणि जे तिला येत होतं त्यावर ती उभी राहिली. दुसऱ्यांच्या पोरांना जेवू घालता घालता ती वाट बघत राहिली.

१९८३ च्या आरंभी राष्ट्रपतींकडचा अर्जही फेटाळला गेला. ही बातमी घेऊन भावकीतले थोरले तात्या जातीनं सप्तापुरात आले. औषधाला आलो होतो असं म्हणाले, पण औषधाची बाटली काही हातात नव्हती. जेवण झाल्यावर त्यांनी पान जमवलं आणि मूळ मुद्द्याला हात घातला.

मुद्दा सुतकाचा होता. नागोजी कसाही असला तरी गावड्यांच्या भावकीतला. तो मेला की भावकीतल्या झाडून सगळ्या घरांना दहा दिवसांचं सुतक. देवपूजा बंद, लग्नकार्य बंद, त्या घरचं बाहेरच्यानं खायचं नाही. गावात लगीनसराई तोंडावर आलेली. खुन्याच्या नावानं दहा दिवस कोण बसणार? बरं, सुतक धरत नाही म्हणावं तर त्याला भावकीतून तोडायला हवं, आणि तसा ठराव करायला एकाचीही छाती नव्हती. उद्या आपल्या घरावर तीच पाळी आली तर? तेव्हा मंडळींनी देवळात बसून तोडगा काढला. तोडगे काढण्यात आमच्या भावक्यांचा हात कुणी धरू शकणार नाही.

“सुतक कानातनं घरात येतंय, सोने,” तात्या म्हणाले. “सांगावा आला, कानावर पडलं, की लागलं. न्हाई ऐकलं तर न्हाई लागलं. उशिरा ऐकलं तर थोडं, वरसानं ऐकलं तर नुस्ती अंघोळ. मग काय, सांगावा घेऊन कुणी निघायचंच न्हाई. आमी बी ऐकणार न्हाई, तू बी ऐकू नको.”

“आणि त्याची आई, नागूआत्याबाई?”

“तिला जेलवाले कळवतील. तिचं ती बघंल.” तात्यांनी पानाचा विडा गालात सरकवला. “तुझी तर खानावळ हाय. धा दिवस बंद ठिवलीस तर पोरं दुसरीकडं जातील. आणि कुणासाठी? तुझं कुंकू पुसलं त्याच्यासाठी?”

सोनाक्काला ते पटलं. न पटण्यासारखं त्यात काय होतं?

आठवड्याभरानं दुपारची पंगत उठून गेली होती, ती भांडी घासत होती, तेव्हा नागुबाई दारात आली. नागोजीची आई, सोनाक्काची चुलत सासू. हिंडलग्याच्या तुरुंगात लेकाला शेवटचं भेटून ती बेळगावहून एसटीनं तशीच आली होती. सात वर्षांत दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. म्हातारी आत आली नाही, पायरीवर बसली. हाताला लागलेल्या सवयीनं सोनाक्कानं पाण्याचा तांब्या आणून पुढे ठेवला आणि मग तिला स्वतःचाच राग आला.

“माफी मागाय आलो न्हाई, सोने,” नागुबाई म्हणाली. “माफीचा कागद दिल्लीला जाऊन आला. झालं ते. त्यानं दोघांना मारलं, आता त्याला मारत्यात. मला त्यातलं काय कळतंय?”

“मग कशाला आलाईसा?”

“मढं देत न्हाईत म्हणं. तिथंच करत्यात सगळं. करू देत.” म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं. “पण मेलेल्या माणसाचं सुतक कुणी धराय नको? भावकीत मी घरोघर जाऊन आलो. मी दिसलो की दारं लावून घेत्यात, कानात शब्द पडंल म्हणून. अठ्ठावीस वरसं त्यांच्यातच खेळला, जेवला. आता तो त्यांच्या घरचा मेलाच न्हाई, असं व्हणार. तुझ्याकडं सांगावा पाठवू का, एवढं विचाराय आलो.”

सोनाक्काच्या अंगाचा तिळपापड झाला. “माझ्याकडं? त्याचं सुतक मी धरू, आत्याबाई? तोंडातनं निघतं तरी कसं?”

“मी धरलं व्हतं,” नागुबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. “अप्पाजीचं बी धरलं, गुंडू भावजींचं बी धरलं. पोराला पोलिसांनी नेलतं, माझ्या दारावर गाव थुकत व्हतं. कोण विचारणार व्हतं मला? तरी माझ्या घरात धा दिवस चूल पेटली न्हाई. भिंतीपलीकडं तू रडत व्हतीस ते ऐकत बसलो.”

सोनाक्काला हे ठाऊक होतं. त्या दहा दिवसांत शेजारच्या धुराड्यातून धूर आला नव्हता, हे तिनं पाहिलं होतं. पाहिलं, आणि बाजूला सारलं होतं.

“सांगावा पाठवू नका,” ती म्हणाली. “आला तर दार उघडणार न्हाई.”

नागुबाई गुडघ्यावर हात ठेवून उठली. तांब्यातलं पाणी तसंच होतं. ती गल्लीच्या तोंडाशी गेली, तोवर सोनाक्का दारातच उभी होती. मग तिनं ते पाणी तुळशीला घातलं.

दुसऱ्या दिवसापासून खानावळीत नवा कायदा आला. इथे वर्तमानपत्र आणायचं नाही. का, ते तिनं सांगितलं नाही, पण सत्याप्पाला राहवलं नाही. त्यानं रविवारी येऊन एकेका पोराला बाजूला घेतलं आणि सगळी कथा सांगितली. बहिणीच्या कानावर फाशीची बातमी जाता कामा नये, नाहीतर सुतक लागेल. पोरं गारच झाली. जिच्या पाठीमागे बसून आपण तीन वर्षं फाशीचा कीस पाडला, तिचाच खटला होता. भीमरावला तर जेवण जाईना. विरळातल्या विरळचा हिशेब त्यानं तिच्या चुलीपुढे बसून मांडला होता. वसंतची अवस्था वेगळी नव्हती. ज्यांची माणसं गेली त्यांना विचार, असं तो ऐटीत म्हणाला होता, आणि ते माणूस दोन हातांवर भाकरी थापत होतं.

वाद बंद पडले. पोरं खाली मान घालून जेवत आणि ‘बरं आहे अक्का’ म्हणून जात. सोनाक्काला ही शांतता सहन होईना. पूर्वी त्या दोघांच्या कटकटीत भाकऱ्या कधी संपल्या ते कळत नसे, आता एकेक भाकरी जड वाटे. सत्याप्पानं तोंड उघडलेलं आहे, हे तिच्या लक्षात आलं होतं, पण विचारायचं म्हणजे तो विषय काढायचा.

मग एक दिवस आला. नेहमीसारखी पंगत बसली. वसंतनं दुसरी भाकरी मागितली नाही. भीमराव आमटी ओरपत होता आणि डोळे ताटातून वर काढत नव्हता. सगळे लवकर उठले. मागून ती स्वतः जेवायला बसली, पहिला घास आमटीत बुडवून तोंडात घातला आणि थांबली. आमटीत मिठाचा कणही नव्हता. घालायला विसरली होती. वीस-बावीस पोरं अळणी आमटी खाऊन गेली आणि एकानंही तक्रार केली नाही. एरवी चिमूटभर कमी पडलं तर वसंत ताट वाजवायचा.

तिला कळलं. पण कळणं वेगळं, ऐकणं वेगळं. तिनं वरून मीठ घेतलं आणि जेवण पुरं केलं. संध्याकाळी वेळेवर चूल पेटवली. मी काही ऐकलेलं नाही, असं तिनं स्वतःला बजावलं. दुसऱ्या दिवशीही बजावलं, तिसऱ्याही.

अडचण अशी झाली की तिला बरं वाटेना. ज्याची सात वर्षं वाट पाहिली ते होऊन गेलं होतं, आणि ते तिला कुणी सांगायचं नव्हतं. फाशी झाली, हे ऐकायचा पहिला हक्क तिचा. अप्पाजीची बायको ती, गुंडूची सून ती, कोर्टात बोट दाखवून ‘हाच तो’ म्हणाली ती. आणि आज तीच कान झाकून बसली होती. ऐकलं तर अप्पाजीला न्याय मिळाला, हे मनाशी म्हणता येणार होतं. पण ऐकलं की नागोजी दीर होऊन मरणार होता, आणि त्याचं सुतक तिच्या घरात येणार होतं. दोन्ही एकाच शब्दात बांधलेलं होतं, त्यातलं एकच सोडवून घेता येत नव्हतं. नागोजी मेल्याचं ऐकलं नाही तर तो मेलाच नाही, आणि मेला नाही तर तिचंही काही संपलं नाही. तात्यांच्या तोडग्यात ही गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नव्हती.

दुसरी गोष्ट साधी होती. सुतकाच्या घरात चूल पेटवत नाहीत, तिथे जेवण बाहेरून येतं, माहेरचं कुणीतरी डबा आणतं. अप्पाजी गेला तेव्हा सत्याप्पाची बायको दोन्ही वेळा पिठलं-भाकरी घेऊन आली होती. नागुबाईच्या माहेरी आता कुणी उरलं नव्हतं. गावात कुणी ऐकलेलंच नाही, तर डबा कोण नेणार? म्हातारी विझलेल्या चुलीपुढे बसली असेल. सोनाक्काच्या हाताखालून रोज चाळीस-पन्नास भाकऱ्या जात होत्या आणि दर भाकरीला तिला ती चूल दिसत होती. नागोजीबद्दल तिला अजूनही काडीची माया नव्हती. पण माणूस उपाशी आहे हे ठाऊक असताना स्वस्थ बसणं तिला जन्मात जमलं नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी पंगत बसल्यावर ती चुलीपासून उठून मधे आली.

“भीमराव, पेपर हाय का खोलीवर? त्या दिवशीचा?”

भीमरावनं वसंतकडे पाहिलं. “अक्का, तूच म्हणालीस, आणायचा नाही.”

“आता आण म्हणतोय. पण आधी जेवा सगळे. ताक-भात संपवा, हात धुवा, मग आण. कानावर पडल्यावर हितलं अन्न तुमच्या घशाखाली जायचं न्हाई.”

त्या दिवशी ताक-भात संपायला फार वेळ लागला. हात धुऊन पोरं भिंतीला टेकून उभी राहिली, कुणी गेलं नाही. भीमराव खोलीवर जाऊन वर्तमानपत्र घेऊन आला. घडी उलगडून त्यानं बातमी शोधली. सोनाक्का दारात उभी राहिली, डोक्यावर पदर घेऊन.

“मोठ्यानं वाच.”

“हिंडलगा कारागृहात काल पहाटे नागोजी परशराम गावडे या कैद्यास फाशी देण्यात आली,” भीमरावनं वाचलं. “चुलता आणि चुलत भाऊ यांच्या खुनाबद्दल त्याला धारवाडच्या सेशन्स कोर्टानं ही शिक्षा दिली होती.” तो थांबला. “एवढंच आहे, अक्का.”

“ऐकलं मी,” सोनाक्का म्हणाली. सांगाव्याला जसं उत्तर देतात तसंच म्हणाली. मग तिनं बादली उचलली आणि पेटत्या चुलीवर पाणी ओतलं. खोलीभर वाफ झाली. ती रडली, आणि पोरांसमोर रडली. अप्पाजीसाठी रडली, म्हाताऱ्यासाठी रडली, आणि त्यात तिसरं कुणी होतं का, हे तिला सांगता आलं नसतं.

“लोकांना काय सांगू, कोण गेलं म्हणून?” वसंतनं हळूच विचारलं.

“दीर,” ती म्हणाली. “चुलत दीर गेला म्हणून सांग.”

निरोप मिळताच सत्याप्पा हुबळीहून धावत आला आणि बहिणीवर तोंड टाकलं. तुझं डोकं फिरलंय, लोक शेण घालतील तोंडात, ज्यानं घर बुडवलं त्याच्या नावानं अंघोळ करतीस. सोनाक्का ओले केस पुसत ऐकत होती. त्याचा दम संपल्यावर तिनं विचारलं, “माहेरचा डबा आणणार का न्हाई?”

“आणतो की. न आणून सांगतोय कुणाला?”

“दोघींचा आण. अळणावरला आण, मी तिकडं निघालो.”

पॅसेंजर गाडीनं ती अळणावरला उतरली आणि तिथून चालत गावात आली. थोरले तात्या कट्ट्यावर चार माणसांत बसले होते. तिचे मोकळे ओलसर केस बघून ते उठून घरात शिरायला लागले.

“थांबा तात्या,” ती म्हणाली. “नागोजी गेला. हिंडलग्यात फाशी झाली. तुमाला कुणी सांगितलं नसंल, म्हणून सांगतोय.”

तात्या उंबऱ्यावरच उभे राहिले. सुतकातल्या माणसानं सांगावा न्यायचा नसतो, ही रीत त्यांना तोंडपाठ होती, पण ती कुणाला सांगायची? दुसरी कुठली बाई असती तर दटावून परत पाठवली असती. हिला काय म्हणणार? मग कट्ट्यावरच्या चौघांतला एक उठला, विहिरीवर गेला आणि कपड्यांसकट दोन कळशा अंगावर ओतून घेतल्या. संध्याकाळपर्यंत गावड्यांच्या सगळ्या घरांतून ओली धोतरं वाळत पडली. ठरलेलं एक लग्न पुढे ढकललं आणि त्या नवऱ्या मुलाच्या आईनं सोनाक्काच्या नावानं पुष्कळ बोटं मोडली.

सोनाक्का एका भिंतीच्या त्या दोन घरांपाशी आली. आपल्या घराचं कुलूप तिनं काढलं नाही, शेजारच्या दारातून आत गेली. नागुबाई भिंतीला टेकून बसली होती. चूल सारवलेली, गार. उजेड आडवा आला म्हणून म्हातारीनं डोळ्यांवर हात धरला आणि बऱ्याच वेळानं ओळखलं.

“मी सांगावा पाठवला न्हवता,” ती घाईघाईनं म्हणाली. “तू नको म्हणालतीस. देवाशप्पत, मी कुणाला पाठवलं न्हाई. तुला कोण सांगितलं?”

“कुणी न्हाई,” सोनाक्का तिच्या शेजारी बसत म्हणाली. “मीच विचारलं.”

म्हातारीनं तिचा हात धरला नाही, की सोनाक्कानं तिचा धरला नाही. दोघी भिंतीला पाठ लावून बसल्या. ही तीच मधली भिंत. रात्री उशिरा सत्याप्पा डबा घेऊन आला, दोघींच्या मधे ठेवला आणि अंगणात जाऊन उभा राहिला. पिठलं अजून कोमट होतं. नागुबाई पहिल्या भाकरीवर थांबली आणि पुरे म्हणून हात मागे घेऊ लागली. सोनाक्कानं दुसरी भाकरी मोडून अर्धी तिच्यापुढे ठेवली आणि म्हणाली, “लाजू नका, आत्याबाई. जेवा.”